अबोल कर्नल आणि बोलकी मेजर

सोमवार, २२ सप्टेंबर

कॅनडाच्या सीमेवर आज बराच वेळ गेला. तिथला पहारेकरी मला गेली अकरा वर्षं ओळखतो, एरवी गाडी पाहूनच हात हलवतो. आज म्हणाला, "येण्याचं कारण?"

"हातमोजे तपासणे."

"ते अजून आमच्याकडूनच घेता होय?" म्हणाला, आणि शिक्का जरा जोरातच मारला.

त्याचा राग समजतो. आमच्या सरकारने यांच्या लाकडावर कर बसवला, यांनी आमच्या व्हिस्कीवर आणि कातड्यांवर. लष्करी माल या भांडणातून वगळला आहे असं दोन्हीकडचे लोक म्हणतात. पण सँ-बाल्दरिक या त्यांच्या फ्रेंचभाषिक गावातल्या कारखान्यात अलास्कातल्या आमच्या सैनिकांसाठी जे जाड हातमोजे शिवतात, त्यांना लागणारं हरणाचं कातडं आमच्या मेन राज्यातून येतं. मोजा आमच्याकडे येताना कर नाही, कातडं इकडे येताना आहे. हे ज्याने ठरवलं त्याचे हात कधी गारठले नसावेत.

निघण्याआधी आमच्या लष्करी खरेदी खात्याच्या स्टॉकवेलसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं होतं. "नॉर्मन, या खेपेला काहीतरी सापडायला हवं."

"सापडलं तर लिहीनच, साहेब."

"सापडेल," ते म्हणाले. मोज्यांचं कंत्राट दक्षिणेतल्या एका आपल्याच कंपनीला द्यावं अशी वरून इच्छा आहे. त्या भागात बर्फ फक्त पेल्यात पडतो, पण वरच्यांची इच्छा म्हटल्यावर बोलणं खुंटतं.

ऑनिलच्या खानावळीवरची नेहमीची खोली मिळाली. ऑनिल हा कारखान्याच्या मालकीणबाईंचा भाऊ. त्यामुळे इथे तोंड सांभाळूनच बोलावं लागतं.

इथे एक गोष्ट स्वतःसाठी लिहून ठेवतो. मला फ्रेंच येतं हे या गावात कुणालाही माहीत नाही. माझी आजी घरात तीच भाषा बोलायची. आमचं आडनाव तेव्हा पेल्तिए होतं, आजोबांनी नोकरीसाठी त्याचं पेल्की केलं. तपासनिसाला कान हवेत, पण ते आहेत हे समोरच्याला कळायला नको. अकरा वर्षांत माझ्याकडून एकदाही चूक झालेली नाही. एकदा शिवणविभागातल्या पिएरेटच्या विनोदाला हसू फुटलं होतं, पण मी ते खोकल्यात मिसळून टाकलं.

बुधवार, २४ सप्टेंबर

खानावळीत फळ्यावरची 'अमेरिकन कॉफी' खोडून 'कॅनेडियन कॉफी' केली आहे.

मी ऑनिलला विचारलं, "फरक काय?"

"काही नाही. पण ही पिताना मान ताठ राहते."

मला मात्र त्याने कप काठोकाठ भरून दिला. माणूस वाईट नाही.

शीतपेटीतल्या चाचण्या झाल्या. या मोज्यात चार बोटं एका खोलीत नांदतात आणि अंगठा शेजारी वेगळं बिऱ्हाड करतो. सगळा घात होतो तो अंगठ्याच्या सांध्यावर. मी तिथे ताणून पाहिलं, पिळून पाहिलं, पाणी ओतून गोठवून पाहिलं. काही झालं नाही. तुलनेसाठी दक्षिणेतल्या कंपनीचा नमुनाही बरोबर दिला होता. त्याचा अंगठा गोठण्याच्या आधीच हातात आला. हे स्टॉकवेलसाहेबांना कसं कळवायचं, या विचाराने जेवण गेलं नाही.

मादाम वेयो, म्हणजे मालकीणबाई, स्वतः शीतपेटीजवळ उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून हा कारखाना आणि त्यातल्या तीसेक बायका त्या एकट्या सांभाळतात. केस आता पूर्ण पांढरे झाले आहेत. त्यांना शोभतात. (तपासनिसाने अशा नोंदी करू नयेत. खोडत नाही, कारण वही खराब दिसते.)

"काय म्हणतोय अंगठा?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"अजून तपास चालू आहे," मी म्हटलं.

"बिचाऱ्याने आणखी काय करून दाखवायचं?"

मी शीतपेटीचं दार लावलं. उत्तर द्यायची आम्हाला मुभा नसते.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मोठी बातमी.

सकाळी शिवणविभागात टाके मोजत बसलो होतो. शेजारच्याच यंत्रावर पिएरेट होती. एरवी ही बाई इतक्या वेगात बोलते की माझ्यासारख्यालाही निम्मं निसटतं. आज मात्र रेडिओवरच्या बातम्यांसारखी सावकाश आणि खणखणीत बोलत होती. घसा धरला असावा.

"अगं, मालकीणबाईंनी त्या फिनलंडच्या लष्कराला होकार दिला का?" तिने पलीकडच्या बाईला विचारलं.

"अजून नाही बाई. ते म्हणतात, सगळाच्या सगळा माल आम्हाला द्या."

"आणि कराची कटकट?"

"छे. त्यांच्याशी कुठे आपलं भांडण आहे?"

"मग आपल्या या खांबाचं काय?" खांब म्हणजे मी. सवय आहे.

"खांब जाईल हात हलवत. रिकामे."

एक शब्द मला लागला नव्हता. नशिबाने पिएरेटने तेच वाक्य लगेच सोप्या शब्दांत पुन्हा म्हटलं. मी चेहऱ्यावर रेषही हलू दिली नाही. बाहेर येऊन थेट गाडीत बसलो आणि स्टॉकवेलसाहेबांना फोन लावला.

त्यांनी ते नाव मला दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "फिनलंड? त्यांना हे मोजे कशाला हवेत?"

"चांगले आहेत म्हणून, साहेब."

"ते तू मला दरवर्षी सांगतोस. पण फिनलंडला का हवेत?"

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज फिनलंडचा माणूस प्रत्यक्ष पाहिला. कर्नल कोस्किनेन.

खानावळीत कोपऱ्यात बसला होता. धिप्पाड, अंगात राखाडी कोट, डोक्यावर केसाळ टोपी. ऑक्टोबरात टोपी पाहून नवल वाटलं, पण सैनिकाची शिस्त असेल. ऑनिलने ओळख करून दिली तेव्हा ऑनिलच्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं, एक डोळा सारखा मिटत होता.

फिन लोक अबोल असतात असं ऐकून होतो. कल्पना नव्हती इतके असतात. मी आदल्या दिवशी पाठ करून ठेवलेला फिनिश नमस्कार, "ह्युव्हा पाइव्हा", म्हटला. मायभाषा कानावर पडताच तो क्षणभर घाबरल्यासारखा झाला. मग त्याने माझा हात दोन्ही हातांत घेऊन खूप वेळ दाबला. परक्या मुलुखात आपली भाषा ऐकली की माणसाचं असंच होतं.

बटाट्याचे तळलेले काप, वर चीज आणि गरम रस्सा असं इथलं खाणं त्याने तीन वेळा मागून खाल्लं, तेही नुसत्या खुणेने. परदेशी माणसाला ते इतकं सराईतपणे खाताना मी पाहिलं नव्हतं. टीव्हीवर माँट्रियालच्या संघाने हॉकीत गोल केला तेव्हा हा दोन्ही हात वर करून उभाच राहिला. मग सगळ्यांकडे पाहून हळूच खाली बसला. हॉकीचं वेड तिकडेही आहे, म्हणजे माणूस अस्सल. हनुवटी मात्र थेट ऑनिलच्या बायकोसारखी आहे. थंड प्रदेशातल्या हनुवट्या एकाच वळणाच्या असतात की काय, कोण जाणे.

जाता जाता त्याने खिशातून इथल्या कारखान्याच्या मोज्यांची जोडी काढली, तिच्यावरून हात फिरवला आणि सुस्कारा सोडला. मी रात्रीचं जेवण तसंच टाकून अहवाल लिहायला वर आलो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

जिंकलो.

स्टॉकवेलसाहेबांनी वॉशिंग्टनमधल्या फिनलंडच्या लष्करी कचेरीत परस्पर फोन केला आणि स्पष्टच विचारलं, आमच्या मोज्यांमागे का लागला आहात? त्यांनी साफ कानांवर हात ठेवले. असा कुठला मोजा आम्हाला माहीतच नाही म्हणाले.

"ऐकलंस, नॉर्मन? माहीतच नाही म्हणतात. म्हणजे पक्कं."

दुपारी मंजुरी आली. ऑर्डर गेल्या वर्षापेक्षा मोठी, वर कातड्यावरचा करही आमचं खातं सोसणार. दक्षिणेतल्या कंपनीचं नाव कुणी काढलं नाही. फिनलंडपुढे मान खाली जायला नको, इतकंच आता सगळ्यांना कळतं.

मी स्वतः मादाम वेयोंना बातमी सांगितली. त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"आणि कर्नलचं काय?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला कसा वाटला तो?"

"अबोल. पण सच्चा माणूस. त्याची निराशा झाली याचं वाईट वाटतं."

त्या एकदम खिडकीकडे वळल्या. खांदे हलत होते. इतकी वर्षं एकटीने कारखाना ओढायचा म्हणजे मनावर केवढा ताण साठत असेल. मी रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला, तोंडावर दाबला आणि बराच वेळ काढलाच नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

पहिली खेप तपासून मगच परत यावं, असं मी साहेबांना सुचवलं. ते हो म्हणाले.

मादाम वेयोंनी दुपारी जेवायला बोलावलं. आमच्या नियमात जेवण बसत नाही, पण वाटाण्याचं सूप हे जेवण आहे की पेय, याबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही. त्यांनी चार वाट्या पाजल्या. शेवटी मेपलच्या पाकातला केकही आला, त्याला मात्र माझ्याकडे सबब नव्हती.

निघताना म्हणाल्या, "पहिली खेप गेली की तुम्ही दिसणार नाही."

"सप्टेंबरात येईनच."

"तुमची ऑर्डर हिवाळ्यापुरती, मार्चपर्यंतच असते, मिस्टर पेल्की. उन्हाळा मी कसा काढते ते मलाच ठाऊक. येता उन्हाळा निघेल असं वाटत नाही."

हे मला नव्याने कळलं. खोलीवर येऊन मागच्या ऑर्डरींच्या तारखा तपासल्या.

बुधवार, २२ ऑक्टोबर

आज एक विलक्षण प्रकार घडला. नीट लिहून ठेवतो.

दुपारच्या जेवणाच्या वेळी खानावळीत एक ठेंगणी, लाल गालांची बाई शिरली. आल्या आल्या इंग्रजीत म्हणाली, "मी मेजर आयरी लेह्तोवारा, फिनलंडचं लष्कर. काय सुंदर रस्ता आहे हो तुमच्याकडे. वाटेत मूस हरीण दिसलं, अगदी माझ्या मामासारखं. हातमोज्यांचा कारखाना कुठे आहे?"

ऑनिलच्या हातातून बशी निसटली. पिएरेट तोंडात घास तसाच ठेवून मादाम वेयोंकडे पाहू लागली आणि मादाम वेयो भिंतीसारख्या पांढऱ्या पडल्या. जणू या लोकांनी फिन माणूस जन्मात पाहिला नव्हता.

मला मात्र पहिल्या वाक्यालाच संशय आला. ही बाई बोलत होती. नुसती बोलत नव्हती, थांबतच नव्हती. आईचे गुडघे, रेनडिअरचं मटण, हेलसिंकीतली घरभाडी, तिकडच्या सैनिकांचे फाटके मोजे. एवढं बोलणारा फिन? मी मुद्दाम विचारलं, "कर्नल कोस्किनेन कसे आहेत?"

"कुठला कोस्किनेन? आमच्याकडे दगड मारला तर कोस्किनेनला लागतो."

"याच महिन्यात इथे येऊन गेलेले."

"इथे? आमच्याकडून इथे कुणीच आलेलं नाही. मीच पहिली."

ऑनिल खाली वाकून बशीचे तुकडे गोळा करत होता. एका बशीचे एवढे तुकडे मी पाहिले नव्हते.

झालं, माझी खात्री पटली. ही फिनलंडची नव्हेच. दक्षिणेतल्या त्या कंपनीने मोज्याचा नमुना चोरायला पाठवलेली हेर आहे. तिने ओळखपत्र दाखवलं. उत्तम बनवलेलं होतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की या मोज्याचा नमुना आमच्या लष्कराचा आहे, माझ्या सहीशिवाय तो कुणालाही दाखवता येणार नाही, आणि ती सही मी करणार नाही.

मेजर, किंवा जी कोण असेल ती, प्रथमच गप्प झाली. मग म्हणाली, "उद्या दुपारी मी परत निघते. मोजा दाखवायचा नसेल तर दुसरीकडे बघू."

मला वाटलं होतं मादाम वेयो माझे आभार मानतील. त्या ताट तसंच ठेवून उठून गेल्या. पिएरेट मात्र मला ऐकू येईल अशा बेताने फ्रेंचमध्ये म्हणाली, "आता या खांबाला कोण हलवणार?" या वेळी ती सावकाश बोलत नव्हती.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सकाळी मादाम वेयोंनी कातड्यांच्या गोदामात बोलावलं. आम्ही दोघंच होतो. त्या कातडी चाळत होत्या, माझ्याकडे पाहत नव्हत्या. आणि त्या फ्रेंचमध्ये बोलू लागल्या.

"नॉर्मन, तो कर्नल म्हणजे ऑनिलच्या बायकोचा चुलतभाऊ युक्लिद. उत्तरेत खाणीवर ट्रक चालवतो. तोंड उघडलं की शिवीशिवाय काही बाहेर पडत नाही, म्हणून त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. डोकं माझं होतं, बायकांना दोष देऊ नकोस. तुझ्या साहेबांना काही करून आमच्यात खोट काढायची होती. मोजा खोटा असता तर मी तोंडातून शब्द काढला नसता."

मी हललो नाही. अकरा वर्षांची सवय उपयोगी पडली. पण कान तापले, ते मला जाणवत होतं.

"ही मेजर खरी आहे," त्या पुढे म्हणाल्या. "तिनेच सांगितलं, तुझ्या साहेबांचा फोन गेला म्हणून तर त्यांना या मोज्यांचा पत्ता लागला. अमेरिका ज्यासाठी एवढी भांडते ते आहे तरी काय, ते बघायला ती आली. तिची ऑर्डर मिळाली तर उन्हाळ्यातही यंत्रं चालतील. तू तिला परत पाठवलंस तर मार्चमध्ये मी बायकांना घरी बसायला सांगेन. राग आला असेल तर तो माझ्यावर काढ. मोज्यांवर काढू नकोस."

मी ऐकलं असेल तर मला ते कळवावं लागेल. तसा नियम आहे. कळवलं की कंत्राट रद्द, चौकशी, या बाईंना कोर्ट. आणि माझी तर शोभाच. केसाळ टोपीतल्या ट्रक ड्रायव्हरचा हात मी दोन मिनिटं धरून उभा होतो.

पण माझ्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं, हे इथे खरं लिहितो. इंग्रजीत तू आणि तुम्ही यांना एकच शब्द आहे. फ्रेंचमध्ये ते वेगळे आहेत, आणि ही बाई मला 'तू' म्हणत होती. आजी गेल्यापासून या भाषेत मला कुणी 'तू' म्हटलेलं नव्हतं.

मी घसा साफ करून इंग्रजीत म्हटलं, "माफ करा मादाम, मला फ्रेंच येत नाही."

"हो," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "म्हणून तर त्या भाषेत बोलले."

मग त्यांनी एक कातडं उचलून उजेडात धरलं, आणि मी जायला मोकळा झालो.

मेजर लेह्तोवारा गाडीत सामान भरत होती. मी तिला सांगितलं की कालची चौकशी नेहमीची असते, आम्ही सगळ्यांचीच करतो, आणि ती चोख उतरली आहे. तिने अजिबात राग दाखवला नाही. उलट तिच्या देशातल्या तपासनिसाची गोष्ट सांगितली. ती संपेपर्यंत माझी सही होऊन शाई वाळलीही होती. नमुना पाहायला ती आत गेली, आणि थोड्या वेळाने शिवणविभागातून तिचा आणि पिएरेटचा आवाज एकदमच येऊ लागला. दोघी दोन भाषांत बोलत होत्या आणि दोघींनाही त्याची अडचण वाटत नव्हती.

संध्याकाळी एक विचार आला. पिएरेट जर त्या दिवशी माझ्यासाठीच सावकाश बोलत होती, तर त्याआधीची दहा वर्षं या भिंतींआड मी चोरून जे जे ऐकलं, मला खांब म्हटलेलं, माझ्या कोटाची केलेली चेष्टा, आणि तीन वर्षांपूर्वी एक जण म्हणाली होती की मालकीणबाई सप्टेंबर आला की केस नीट करून घेतात, ते सगळं

हा विचार मी इथेच थांबवतो.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

फिनलंडची ऑर्डर जाहीर झाली. स्टॉकवेलसाहेबांचा फोन आला. आवाजात विजयच होता.

"काय सांगत होतो? माहीतच नाही म्हणत होते लबाड. त्या कर्नलबद्दल तुझा अंदाज बरोबर निघाला, नॉर्मन. पुढे काय झालं त्याचं?"

"बोलला नाही, साहेब," मी म्हटलं. हे खोटं नाही.

"आता ऐक. तिथे एकाच छपराखाली दोन लष्करांचे मोजे शिवले जाणार. आपला माल त्यांच्या पेटाऱ्यात जाता कामा नये. तुला हिवाळाभर तिथेच राहावं लागेल. उन्हाळ्याचं पुढे बघू. तुझी गैरसोय मला कळते, पण हा आदेश आहे."

मी लेखी नाराजी कळवली. घरापासून इतके महिने दूर राहणं या वयात सोपं नाही, इथली थंडी कडक आहे, खानावळीतली कॉफी राजकीय आहे, असं सगळं स्पष्ट शब्दांत लिहिलं. मजकूर थोडा जास्तच कडक झाला, पण साहेबांना पटायला हवा होता.

मग गॅरेजवर जाऊन गाडीला बर्फाचे टायर बसवून घेतले. चारही नवे घेतले.